मैनेच्या पाठीवरचा डाग

खरं सांगायचं तर हे लिहायचं राहूनच जाणार होतं. टाइपरायटरला कागद लावला आणि पुन्हा काढून ठेवला, असं किती वेळा झालं. ज्या घरातनं ही चूक झाली, त्या घरचं मीठ मी खाल्लंय. आणि ज्याच्यावर आळ आला, तो नागेश आजही रोज भेटतो. शेवटी त्यालाच विचारलं. तो म्हणला, "लिही. पण मला लई चांगला दाखवू नगंस." तेवढं पाळलंय.

१

नवरात्र चालू होतं, साल शहाण्णव. नागेश एमआयडीसीतली पाळी संपवून मोटारसायकलवर कन्हेरीकडं निघाला होता. एमआयडीसीतल्याच एका डेअरीत तो दुधाच्या टाक्या धुवायच्या कामावर होता, आणि संध्याकाळी कन्हेरीला जयवंतरावांच्या तबेल्यावर. पगार डेअरीचा, जीव तबेल्याचा.

कालव्याच्या चारीकडंनं येताना त्याला उसाच्या बांधाला कुणीतरी पडलेलं दिसलं. गाडी टाकून जवळ गेला, तर त्याचा दोस्त रविराज, तबेल्यावरचा स्वार. उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडंच वळलेला, तोंडात माती, आणि घोडी कुठंच दिसंना.

"मैनेनं फेकलं," रविराज म्हणला. "जरा दाबून बसलो, अन् उधळली. कधी न्हाय ते."

नागेशच्या हाकेनं तबेल्यावरची माणसं पळत आली. जयवंतरावांच्या जीपमधनं रविराजला बारामतीला दवाखान्यात नेलं, पायाला प्लास्टर पडलं, त्याचा बाप म्हस्कूआबा निरवांगीहून आला. मग बाकीचे परत कन्हेरीला आले.

तबेल्याच्या फाटकातच खोगीर पडलं होतं. मैना आत ठाणावर बांधलेली, घामानं भिजलेली. जयवंतरावांचा भाचा दीपक खाली वाकला आणि त्यानं तंग उचलला. तंग म्हणजे खोगीर पोटाखालनं आवळायचा चामड्याचा पट्टा. तो मधोमध गेला होता, आणि कडा चाकूनं काकडी कापल्यासारख्या सरळ.

"हे तुटलेलं न्हाय," दीपक म्हणला. "कापलंय."

नागेश तेवढ्यात खोगीर आणि खोगिराखालची लोकरी गादी उचलून आत ठेवायला निघाला होता. त्यानं मागं वळून बघितलं. सगळी माणसं तंगाकडं बघायची सोडून त्याच्याकडं बघत होती.

२

का बघत होती, ते आता सांगायला पायजे.

मैना तबेल्यावर आली तेव्हा शिंगरू होती, कुणाला पाठीला हात लावू देत नव्हती. नागेशनं तिला डब्यातली भाकरी भरवून, तासन् तास नुसतं शेजारी बसून माणसाळवली. त्या भागात दसऱ्याच्या शिलंगणाला गावाच्या पुढं एक घोडी पळवायचा मान होता आणि तो मान जयवंतरावांच्या तबेल्याचा. मैना तयार झाली की तिच्यावर तूच बसायचं, असं जयवंतराव एकदा बोलता बोलता नागेशला म्हणले होते.

मग रविराज आला. आणला कुणी, तर नागेशनंच. डेअरीत कंत्राटी कामावर असताना दोघांची गट्टी जमली. रविराजच्या घरची मेंढरं आता राहिली नव्हती, पण लहानपण रानोमाळ तट्टावर गेलेलं. तो पहिल्यांदा मैनेवर बसला आणि तबेल्यावरच्या माणसांचं बोलणंच थांबलं. घोडी आणि माणूस एकाच हाडाचे वाटत होते. महिनाभरात मैना रविराजचा आवाज ऐकून खिंकाळायला लागली. नागेश आला की नुसता कान हलवायची.

आपणच बोलावलेला पाहुणा आपल्याच पाटावर बसला, आणि वर सगळे म्हणतात पाहुण्याला किती शोभतो पाट. नागेश तोंडानं हसायचा. पण रविराजची दौड चालू असली की त्याची नजर घोडीच्या पायांवरनं हलायची नाही. पडावं असं त्याला वाटत नव्हतं. पण एकदा तरी चुकावा, एवढं वाटायचं. शिलंगणाला मैनेवर रविराज बसणार असं जाहीर झालं, त्या दिवशी चहा पिताना चारचौघांत त्याच्या तोंडून निघून गेलं, "एक दिवस आपटंल, तवा कळंल."

आणि रविराज आपटला.

दुसऱ्या दिवशी उठला तर नागेशच्या डाव्या तळव्याला आग होत होती. दुपारपर्यंत काळपट फोड आले, बोटं सुजली. तळवा फडक्यात गुंडाळून तो तबेल्यावर गेला, तर तिथं आणखी एक गोष्ट निघाली होती. मैनेच्या पाठीवर, खोगीर बसतं तिथंच, एक काळा डाग. कातडी भाजल्यासारखी.

झालं, तबेल्याला चघळायला हाडूक मिळालं. डेअरीत टाक्या धुवायला ॲसिड असतं. नागेशनं म्हणे ते आणून गादीला लावलं, तंग कापून ठेवला, आणि ॲसिड लावताना स्वतःचाच हात भाजला. पाप लपत न्हाय म्हणतात ते हेच. दाणा टाकायला येणारा टेम्पोवाला हे ऐकून गेला आणि संध्याकाळपर्यंत एमआयडीसीच्या गेटवरच्या टपरीत हेच चालू झालं. जो काल खांद्यावर हात टाकत होता, तो आज नागेशच्या फडक्याकडं बघून कपातला चहा उगाच ढवळायला लागला.

जयवंतरावांनी नागेशला बोलावलं. पोलिसात जायचं त्यांच्या मनात नव्हतं. गावाची रीत त्यांनी सांगितली. खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खोगीर-लगामाची पूजा असते. त्या दिवशी सगळ्यांसमोर बेलभंडारा, म्हणजे देवाचा बेल आणि हळद, उचलायचा आणि म्हणायचं, रविराजचं वाईट मी केलं न्हाय, अन् माझ्या मनातबी आलं न्हाय.

"तेवढं केलंस की आमच्या लेखी संपलं. न्हाय केलंस, तर फाटकाच्या आत पाय ठेवायचा न्हाय. अन् रविराजच्या घरच्यांना काय तोंड दाखवायचं, ते तुझं तू बघ."

नागेश हो म्हणून बाहेर आला आणि ठाणावर मैनेपाशी जाऊन उभा राहिला. अर्धी शपथ त्याला घेता येत होती. उरलेली अर्धी खोटी होती, आणि खोटा भंडारा उचलायची त्याची छाती नव्हती.

आता एकच मार्ग. शपथेची गरजच पडू नये, इतकं खरं शोधून काढायचं.

३

त्यानं सुरुवात तंगापासनं केली.

विचार करता करता तो फाटकापासनं चारीपर्यंत चालत गेला आणि मध्येच थांबला. रविराज पडला चारीला. खोगीर मिळालं फाटकात. घोडी पळत सुटली आणि तंग आधीच कापलेला असता, तर खोगीर रविराजच्या अंगावर पडलं असतं, किंवा पाच-पन्नास पावलांवर उसात. इतक्या लांब घोडीच्या अंगाला ते चिकटून आलं कसं? म्हणजे फाटकापर्यंत तंग शाबूत होता.

आणि फाटकात त्या वेळी एकच माणूस होता, मानसिंग. बाकी सगळे चारीकडं पळाले होते.

मानसिंग घोड्यांचं खरारा-पाणी आणि खोगीर-लगाम सांभाळायचा. नागेशनं त्याला गोठ्यामागं गाठलं. मानसिंग आधी हातातला घोडा घासायचा खरारा बघत राहिला. नागेशनं त्याला चारी आणि फाटकाचं अंतर तेवढं सांगितलं. मग तो खाली बसला.

मैना उसातनं भटकून आली तेव्हा खोगीर फिरून पोटाखाली गेलं होतं. पायात अडकून ती लाथा झाडत होती, पोट फाडून घेतलं असतं. बकल सोडायला हात जाईना, म्हणून मानसिंगनं विळ्यानं तंग कापला. सांगणारच होता. पण दीपकनं "कापलंय" म्हणून आरोळी दिली आणि सगळ्यांची तोंडं बघून तो मागच्या मागं गोठ्यात सरकला. त्यात ते खोगीर मालकांनी पुण्याहून आणलेलं, जीव की प्राण.

"माझ्यावर आळ आला त्याचं काय?" नागेशनं विचारलं.

"मला वाटलं, तू केलंच असशील दुसरं काय तरी," मानसिंग सरळ म्हणला. "तुझं तोंड बघितलंय मी, रवी घोडीवर असताना."

नागेशला राग यायला हवा होता. आला नाही. मानसिंग मग आपलं गाऱ्हाणं सांगत बसला. ह्या नोकरीत सगळ्यांचं ऐकावं लागतं. पुण्याहून घोडेस्वारी शिकवणारा आला आणि लिंबू-मिरच्या बघून हसला, तर मालकांनी सगळं दृष्टीचं काढून टाकायला लावलं. मैनेच्या गळ्यातला काळा दोरा रविराजच्या आईनं, साखरबाईनं, बांधलेला. तोही मानसिंगलाच तोडावा लागला. म्हातारी तेव्हापासनं त्याच्याशी बोलत नाही.

तंगाचं कोडं सुटलं. पण मैना मुळात उधळलीच का, ते तसंच राहिलं. आणि तिच्या पाठीवरचा डाग तर कुणी विळ्यानं केला नव्हता.

४

दीपकला गाठणं अवघड गेलं नाही, तो स्वतःच टोमणा मारायला आला. हात कसा हाय, असं त्यानं विचारलं. नागेश म्हणला, तुझ्यापेक्षा बरा.

दीपकचा हिशोब नागेशला ठाऊक होता. रविराज बाजूला झाला, नागेश बदनाम झाला, की शिलंगणाची दौड दीपकची. म्हणून नागेशनं आडवळणानं विचारलं, अपघाताच्या दिवशी सकाळी मैनेला फिरवलं कुणी. फिरवलं दीपकनंच. काय झालं का? काही नाही. पडला का? नाही. गादी कुठली घातली? स्वतःची, दुसऱ्याच्या घामाची गादी दीपक वापरत नाही.

"अन् घोडी गप चालली?"

दीपकनं नजर ठाणाकडं वळवली. मग म्हणला, शेपटी मारत होती, पाठ चोरत होती.

"मग रवीला सांगितलं का न्हाईस?"

दीपक पाठ फिरवून चालायला लागला. नागेशला उत्तर ऐकायचीही गरज नव्हती. तो स्वतः असता तर सांगितलं असतं का, हा विचार त्यानं मनातनं लोटून दिला.

म्हणजे सकाळीच पाठ दुखत होती. आणि आदल्या संध्याकाळी मैनेवर रविराज बसला होता, घटस्थापनेला गावी जाऊन आल्यावर, घरून नवं अस्तर घालून आणलेली आपली गादी टाकून. दुखणं तिथनं सुरू झालं.

खोगिराच्या खोलीला जयवंतरावांचं कुलूप होतं. त्यांनी किल्ली दिली, पण स्वतः दारात उभे राहिले. नागेशनं गादी उलटी केली. खालच्या बाजूला एक काळा डाग, रुपयाएवढा. त्यानं बोट न लावता काडीनं खरवडून बघितलं. लोकर धड होती.

डेअरीतल्या ॲसिडचा थेंब पडला की कपडा पिवळा पडतो आणि धुतला की भोक. नागेशच्या कामाच्या पँटी चाळणी झाल्या होत्या त्यानं. शिवाय ॲसिड लागलं की माणूस लागल्या क्षणी बोंबलतो. त्याच्या तळव्याला रात्रभर काही झालं नव्हतं, सकाळी आग उठली. मैनेचंही तसंच, आज लागलं आणि उद्या भाजलं. हे ॲसिड नव्हे.

त्यानं काडी डागावर दाबली. आत काहीतरी टणक होतं.

"मालक, ह्यात कायतरी शिवलंय."

जयवंतरावांनी खिशातला चाकू काढला. नागेशनं त्यांचा हात धरला. आत्ता उसवलं, तर लोक म्हणतील ह्यानंच घातलं आणि ह्यानंच काढलं. खंडेनवमीला, सगळ्यांसमोर उसवा. तोवर किल्ली तुमच्यापाशी.

जयवंतरावांना ते पटलं. ते पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघायला लागले. पण नागेशचं लक्ष आता टाक्यांकडं गेलं होतं. लांब, तिरपे, काळ्या लोकरीचे टाके. घोंगडं फाटलं की असे घालतात. असल्या टाक्यांच्या घोंगड्याखाली तो थंडीत कितीदा झोपला होता, निरवांगीला, रविराजच्या घरी.

५

निरवांगीला तो दुसऱ्याच दिवशी गेला. रविराज बाजेवर, पाय उशीवर. नागेशला बघून त्यानं तोंड भिंतीकडं केलं. दीपक भेटायला येऊन गेला होता, आणि चहावरचं ते वाक्य मीठमसाला लावून सांगून गेला होता.

म्हस्कूआबांनी बस म्हणलं, पण तेवढंच. साखरबाई चुलीपाशी. नेहमी नागेश आला की अंगणातनंच तिचं बोलणं सुरू व्हायचं. आज तिनं न बोलता चहाचा कप पुढं केला. नागेशनं उजव्या हातानं घेतला, पण बशी धरायला डावा हात पुढं आला आणि फडकं सुटलं.

साखरबाईनं तळवा बघितला. काही झालं तरी जन्मभर माणसांची आणि मेंढरांची दुखणी बघितलेली बाई. तिनं हात ओढून उजेडात नेला.

"बिब्बा उतलाय हा. त्याचं तेल लागलं की दुसऱ्या दिवशी असंच भाजतं. खोबरेल लाव, खाजवू नगंस. कुठं लागला रं बिब्बा तुला?"

नागेशनं तिच्याकडं बघितलं. काय बोलायचं ते घरून ठरवून आला होता, ते सगळं त्यानं सोडून दिलं.

"मैनेची गादी उचलली व्हती, काकी. रवी पडला त्या दिवशी."

साखरबाईच्या हातात त्याचा हात तसाच राहिला. चुलीवरचं दूध उतू गेलं, तिनं बघितलं नाही. मग तिनं हात हळूच सोडला आणि आत गेली, ती बाहेर आलीच नाही.

म्हस्कूआबांना काही कळलं नाही. रविराज भिंतीकडं तोंड करूनच होता. नागेश उठला. आता त्याच्यापाशी सगळी गोष्ट होती, आणि ती सांगायची कशी हेच कळत नव्हतं. आपल्या हातानं आपल्या लेकराचा पाय मोडला, असं त्या बाईला गावासमोर ऐकवायचं? आणि नाही ऐकवलं, तर भंडारा उचलायचा.

६

खंडेनवमीला तबेल्यात खोगीर, लगाम, रिकिबी मांडून पूजा झाली. ताटात बेल आणि भंडारा. वीस-पंचवीस माणसं होती, दूधवाला आणि दाण्याचा टेम्पोवालाही आला होता. बदनामी फुकट मिळते म्हणल्यावर माणूस रजा टाकून येतो.

नागेशनं आधी तंगाचं सांगितलं. चारी आणि फाटक. मानसिंगनं पुढं येऊन विळ्याची गोष्ट कबूल केली, आणि जयवंतराव खोगिरापायी चिडायच्या ऐवजी एवढंच म्हणले, की घोडीचं पोट वाचवलंस. मग ॲसिडचं. नागेशनं आपली कामाची जुनी पँट आणली होती, ती भोकं दाखवत फिरवली, तेव्हा एक-दोघं हसले. मग दीपकला विचारलं, सकाळी मैना पाठ चोरत होती का. दीपक मान खाली घालून व्हय म्हणला.

मग जयवंतरावांनी गादी उसवली. अस्तराच्या आतनं काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा निघाला, दृष्ट लागू नये म्हणून बांधतात तसा. सुईनं आरपार भोसकलेला, तेलकट, चेपलेला. जुन्या माणसांना सांगायची गरज पडली नाही. आदल्या संध्याकाळी त्याचं तेल झिरपून कातडी भाजली होती. दुसऱ्या दिवशी भरधाव दौडीत रविराज दाबून बसला, आणि तोच टणक बिब्बा कच्च्या जखमेत रुतला. असल्या वेळी देवाचं घोडंही उधळलं असतं.

"शिवला कुणी?" जयवंतरावांनी विचारलं.

नागेशची नजर उसवलेल्या टाक्यांवर गेली.

"तुला ठाव हाय."

"हाय. पण सांगणार न्हाय."

दीपकला जोर आला. मग तूच शिवला असशील, म्हणला. कुजबुज पुन्हा सुरू झाली. जयवंतरावांनी ताट पुढं केलं. नागेशनं हात भंडाऱ्यावर नेला आणि तिथंच थांबवला.

"मी काय केलं न्हाय, ह्याची शपथ घेतो. पण मनात कायबी आलं न्हाय, ही शपथ मला घेता येत न्हाय. आलं व्हतं. रोज यायचं."

टेम्पोवाला खाली बघायला लागला.

"ताट ठेवा खाली," मागनं बाईचा आवाज आला.

साखरबाई फाटकातनं आत येत होती, म्हस्कूआबा मागं. सकाळच्या एसटीनं बारामतीला येऊन तिथनं आले होते. डोक्यावरचा पदर नीट करून ती जयवंतरावांसमोर उभी राहिली.

"बिब्बा मी शिवलाय. घोडीच्या गळ्यातला दोरा तुमी तोडलात, म्हणून आत लपवला. मेंढरांना बिब्बा लावण्यात जन्म गेला माझा. भोसकलेला बिब्बा दाबला की उततो, हे काय मला कुणी सांगायला पायजे व्हतं? पोराच्या काळजीत ध्यानात आलं न्हाय."

"कसली काळजी, वैनी?"

ती नागेशकडं वळली. "ह्याच्या डोळ्यांची. माझ्या घरी जेवायचा, माझ्या पोराच्या गळ्यात हात टाकायचा, अन् पोराचं कौतुक निघालं की ह्याचं तोंड उतरायचं. मला दिसायचं ते."

सगळे पुन्हा नागेशकडं बघायला लागले. ह्या वेळी त्यानं नजर चुकवली नाही.

"काकी, तुमी बरोबर बघितलं व्हतं."

साखरबाईच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलं. तोवर तिनं आवरून धरलं होतं. ती म्हणली, बिब्ब्यापेक्षा तुलाच एकदा समोर बसवून विचारलं असतं, तर पोराचा पाय वाचला असता.

७

शिलंगणाला त्या वर्षी मैनेवर कुणी बसलं नाही. मानसिंगनं तिला उघड्या पाठीनं, नुसता लगाम धरून गावापुढं चालवली. दीपकनं दुसरी घोडी मागितलीच नाही.

संध्याकाळी नागेश आपट्याची पानं घेऊन निरवांगीला गेला. साखरबाईनं त्याला पोळी वाढली, तुपाची धार जरा जास्तच पडली. मग ती आत गेली आणि रविराजनं बाजेवर त्याला जागा करून दिली.

नागेश पायाला धक्का न लावता कडेला बसला. मग रविराज म्हणला, पडलो त्याचा राग न्हवता. तंग कापलास असंबी मला एकदासुद्धा वाटलं न्हाय. राग आला तो त्या वाक्याचा. चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगितलंस, अन् मलाच न्हाय.

नागेशनं विचारलं, तुला सांगून काय झालं असतं?

"शिव्या घातल्या असत्या. मग म्हणलो असतो, एक आड एक दिवस तू बस मैनेवर." रविराजनं प्लास्टरवर बोटानं टिचकी मारली. "मलाबी तुझं खुपायचं की. तू डेअरीत कायम झालास, मी कंत्राटीच राहिलो. तुझी गाडी दारात लागली की आई म्हणायची, बघ, पोरगा कसा मार्गी लागलाय. मीबी कुठं बोललो?"

नागेशला हसू आलं. इतके दिवस त्याला वाटायचं, हे दुखणं जगात आपल्या एकट्यालाच हाय.

"पाय बरा झाला की मी बसणार मैनेवर," रविराज म्हणला. "पुढच्या शिलंगणालाबी मीच. तवा परत तुझ्या पोटात दुखंल. दुखणारच, मला ठाव हाय. मग काय करशील?"

नागेशनं आपट्याचं पान त्याच्या हातात ठेवलं आणि मूठ तशीच धरून ठेवली.

"तुला सांगंन. दुसऱ्या कुणाला सांगायच्या आधी गाडी काढून हितं येईन, तू झोपला असशील तर उठवंन, अन् तुझ्या तोंडावर सांगंन. शब्द हाय माझा."